लिबमेमकॅश्डचा कनेक्शन पूल: किती हँडल, किती वाट, आणि बिघडलेल्या जोडणीचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी मध्ये लिहिलेली एक सेवा ३ मशीनवर चालते. दर मशीनवर ८ प्रोसेस, दर प्रोसेसमध्ये ४८ थ्रेड. मागे ६ मेमकॅश्ड सर्व्हर, म्हणजे डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारी कॅश. मेमकॅश्डशी बोलणाऱ्या लिबमेमकॅश्ड या सी लायब्ररीच्या १.०.१८ आवृत्तीतला तयार पूल (जोडण्यांचा सामायिक साठा) वापरला आहे, त्याची कमाल मर्यादा थ्रेडइतकीच म्हणजे ४८, टाइमआउट जसे आले तसेच ठेवलेले. तक्रारी चार. गर्दीत सर्व्हर नवीन जोडण्या नाकारतात. पूलची मर्यादा कमी करून पाहिली, तर ५० मिलिसेकंद थांबायला सांगूनही फेच (पूलमधून जोडणी मागणारं फंक्शन) लगेच टाइमआउट देतो. एक सर्व्हर मशीनसकट बंद पडला की पूर्ण सेवा अडखळते. आणि रात्र शांत गेली की सकाळच्या पहिल्या काही विनंत्या लटकतात.

या चारही गोष्टींची कारणं वेगळी आहेत, आणि मर्यादा ४८ वरून ९६ करून त्यातली एकही जाणार नाही. पूल हा वेग वाढवण्यासाठी असतो असं धरून लोक तो मोठा करत जातात. माझं ठाम मत आहे की जोडणी पुन्हा वापरता येणं हा त्याचा निम्मा उपयोग. कॅश आजारी असताना तुमचे थ्रेड तिच्यात अडकू न देणं हा उरलेला निम्मा, आणि तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो.

आधी पूलमध्ये नेमकं काय असतं ते पाहू. लिबमेमकॅश्डच्या पूलमधला एक नग म्हणजे एक सॉकेट (सर्व्हरकडच्या एका जोडणीचं टोक) नव्हे. तो एक पूर्ण हँडल असतो, आणि त्या हँडलमध्ये यादीतल्या प्रत्येक सर्व्हरसाठी एकेक सॉकेट असतो. हँडल दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरायचा नसतो, म्हणून पूल लागतो. पूल तयार करताना तुम्ही दिलेला हँडल मूळ प्रत म्हणून राहतो आणि बाकीचे त्याचे क्लोन असतात. क्लोनमध्ये सर्व्हरची यादी आणि सेटिंग येतात, उघडे सॉकेट येत नाहीत. सॉकेट त्या त्या सर्व्हरकडे पहिली विनंती जाते तेव्हा उघडतो. त्यामुळे 'सुरुवातीची संख्या' मोठी दिली की जोडण्या तयार मिळतील ही समजूत चुकीची आहे. मिळतात ते फक्त क्लोन.

आता तुमचा गुणाकार करा. ३ मशीन × ८ प्रोसेस × ४८ हँडल = ११५२, आणि हे एका सर्व्हरवर. मेमकॅश्ड सुरू करताना कमाल जोडण्यांचा आकडा बदलला नसेल तर तो १०२४ असतो. म्हणजे सगळे थ्रेड एकदा कामाला लागले की १२८ जोडण्यांना जागाच नाही. जुन्या मेमकॅश्डमध्ये मर्यादा गाठली की सर्व्हर नवीन जोडण्या घेणं थांबवतो आणि क्लायंटला ते कनेक्ट टाइमआउटसारखं दिसतं. नव्यांत जोडणी घेऊन, एरर लिहून लगेच बंद केली जाते. सर्व्हरच्या स्टॅट्समध्ये 'लिसन डिसेबल्ड नम' आणि 'रिजेक्टेड कनेक्शन्स' हे आकडे शून्याच्या वर गेलेले दिसले, तर पहिल्या तक्रारीचं निदान तिथेच झालं.

सर्व्हरवरची मर्यादा ४०९६ करून हे भागेल, आणि तात्पुरतं करायलाही हरकत नाही. फाइल डिस्क्रिप्टरची (एका प्रोसेसने उघडलेल्या फाइल आणि सॉकेटची) मर्यादा मात्र बरोबरीने वाढवा. ती सॉफ्ट मर्यादा बऱ्याच लिनक्सवर १०२४ च असते, आणि क्लायंटच्या बाजूलाही एका प्रोसेसचे ४८ × ६ = २८८ सॉकेट फक्त कॅशसाठी जातात. पण मुळात ४८ हँडल लागतात का?

लागत नाहीत. किती लागतात हे दोन मोजमापांवरून निघतं: सेकंदाला किती वेळा हँडल घेतला जातो, आणि घेतल्यापासून परत देईपर्यंत सरासरी किती वेळ जातो. गुणाकार केला की एका वेळी सरासरी किती हँडल बाहेर असतात ते मिळतं. समजा एका प्रोसेसला सेकंदाला ३,००० कॅश विनंत्या आहेत आणि हँडल सरासरी ०.७ मिलिसेकंद हातात राहतो. ३,००० × ०.०००७ = २.१. म्हणजे सरासरी दोन हँडल. विनंत्या एकसारख्या अंतराने येत नाहीत, अधूनमधून एखादं मोठं मल्टिगेट (एकाच विनंतीत अनेक नोंदी मागणं) असतं, म्हणून चार ते सहा पट जागा ठेवा. १२ हा आकडा पुरेसा होतो. मग सर्व्हरवरच्या जोडण्या २४ × १२ = २८८ वर येतात आणि १०२४ ची मर्यादा लांब राहते.

ही आकडेमोड ज्या एका गोष्टीने कोसळते ती म्हणजे हँडल हातात धरून दुसरं काम करणं. नेहमी दिसणारा क्रम असा: फेच, गेट, मिस झाली (कॅशमध्ये सापडलं नाही), डेटाबेसला विचारलं, उत्तर आलं, सेट, रिलीज (हँडल परत). लिहायला सरळ वाटतं, कारण गेट आणि सेट दोन्हीला तोच हँडल लागतो. पण १० टक्के मिस आणि डेटाबेसला ४० मिलिसेकंद धरा: ३०० × ०.०४ = १२. कॅशच्या खऱ्या कामाला २.१ हँडल लागत होते, आता सरासरीच १४.१ झाली, आणि १२ चा पूल कायमचा रिकामा. वर डेटाबेस हळू झाला तर ज्यांच्या की (ज्या नावाने डेटा साठवतात ती नावं) कॅशमध्ये आहेत त्यांनाही हँडल मिळत नाही, म्हणजे डेटाबेसचा आजार पूलमधून कॅशला लागतो. म्हणून मिस झाली की हँडल ताबडतोब परत द्या, डेटाबेसचं काम करा, सेटसाठी पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा फेच करण्याचा खर्च एका म्युटेक्सचा (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाचा) आहे. हाच नियम उत्तराच्या जेसन पार्सिंगला, डीकॉम्प्रेशनला आणि लॉग लिहिण्यालाही लावा.

मात्र परत देण्याआधी हँडलमधलं जे हवं ते काढून घ्या. साध्या गेटची व्हॅल्यू तुमच्या मालकीची असते, ती नंतर फ्री करता येते. पण शेवटच्या एररचा मजकूर हँडलच्या पोटात राहतो. रिलीजनंतर तो वाचला तर दुसऱ्या थ्रेडची एरर तुमच्या लॉगमध्ये येईल. रिझल्ट ऑब्जेक्टही मूळ हँडलकडे बोट दाखवतो, म्हणून तो आधी मोकळा करा आणि मगच हँडल सोडा.

आता ५० मिलिसेकंदांचं कोडं. १.०.१८ मध्ये फेचला दिलेला वेळ सापेक्ष असतो आणि आतमध्ये त्याची घड्याळातली वेळ बनवली जाते. ती बनवताना सेकंदांत चालू वेळ मिसळली जाते, नॅनोसेकंदांत मात्र तुम्ही दिलेला आकडा जसाच्या तसा ठेवला जातो. चालू सेकंद किती पुढे सरकलेला आहे हे धरलेलंच नसतं. समजा घड्याळात १०:००:०७.६०० झाले आहेत आणि तुम्ही ० सेकंद, ५० मिलिसेकंद सांगितलं. मुदत बनते १०:००:०७.०५०, म्हणजे ती ५५० मिलिसेकंदांपूर्वीच संपलेली. कंडिशन व्हेरिएबल (थ्रेडला जागं करेपर्यंत झोपवणारी सोय) लगेच टाइमआउट देऊन मोकळं. सेकंदाच्या पहिल्या ५० मिलिसेकंदांत आलेला थ्रेडच काय तो थोडा थांबतो. बाकी ९५ टक्के वेळा थांबणं होतच नाही. पूर्ण १ सेकंद सांगितला तर प्रत्यक्ष वाट ० ते १ सेकंदाच्या मध्ये कुठेही पडते.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी आहेत. रिकाम्या पूलमध्ये हँडल परत आला की वाट पाहणाऱ्या सगळ्याच थ्रेडना जागं केलं जातं. हँडल एकाला मिळतो, उरलेले पुन्हा झोपतात, आणि झोपताना त्यांची मुदत नव्याने मोजली जाते. म्हणजे गर्दीत एखाद्या थ्रेडला सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त थांबावं लागू शकतं. दुसरी गोष्ट, पूल वाढवताना क्लोन बनवण्याचं काम म्युटेक्स धरूनच होतं. केटामा (कोणती की कोणत्या सर्व्हरकडे हे वर्तुळावरच्या, म्हणजे रिंगवरच्या बिंदूंनी ठरवणारी पद्धत) वापरत असाल तर प्रत्येक क्लोनची स्वतःची रिंग बनते, दर सर्व्हरमागे शंभर किंवा त्याहून जास्त बिंदूंची. हे काम नेमकं गर्दी वाढत असताना होतं आणि तेवढा वेळ बाकीचे थ्रेड म्युटेक्सवर उभे. म्हणून सुरुवातीची संख्या आणि कमाल संख्या सारखीच द्या: १२ आणि १२. पूल एकदा वाढला की आपोआप आकसत नाहीच, त्यामुळे कमी संख्येने सुरू करण्यात काही वाचतही नाही. मेमरीचा हिशोब किरकोळ आहे. दर सर्व्हरमागे ८,१९६ बाइटचे दोन बफर, म्हणजे १२ × ६ साठी सव्वा एमबीच्या आत.

वाट पाहण्यावर सोपा उपाय असा की फेचकडून वाट पाहून घ्यायचीच नाही. पूलच्या पुढे एक सेमाफोर (ठरलेल्या संख्येइतक्याच थ्रेडना पुढे सोडणारा मोजणीदार) ठेवा, त्याची सुरुवातीची किंमत १२. हँडल हवा असलेला थ्रेड आधी सेमाफोर घेतो, मग फेचला शून्य वेळ देऊन हँडल उचलतो. सेमाफोर मिळाला असेल तर हँडल शिल्लक असणारच. परत देताना उलटा क्रम: आधी रिलीज, मग सेमाफोर वाढवा. हा क्रम चुकला तर जागा झालेला थ्रेड रिकाम्या पूलसमोर येतो. ग्लिबसी (लिनक्सवरची सी लायब्ररी) २.३० किंवा पुढची असेल तर मोनोटॉनिक, म्हणजे कधीही मागे न जाणाऱ्या घड्याळावर थांबणारा सेम_क्लॉकवेट वापरा, म्हणजे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) घड्याळ सरकवलं तरी फरक पडत नाही. नसेल तर सेम_टाइम्डवेटला रिअलटाइम घड्याळाची मुदत द्या आणि नॅनोसेकंदांची बेरीज १ अब्ज किंवा त्यावर गेली तर हातचा सेकंदात घ्या, नाहीतर इनव्हॅल एरर येते. सिग्नलमुळे थांबणं मध्येच तुटलं तर त्याच मुदतीने पुन्हा थांबा, नवी मुदत काढू नका.

किती थांबायचं? कॅशचं उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येत असेल तर २ ते ५ मिलिसेकंद पुष्कळ झाले. तेवढ्यात हँडल मिळाला नाही तर मिस झाली असं धरून पुढे जा. पण सगळेच पुढे गेले तर डेटाबेसवर सगळा भार एकदम कोसळेल, म्हणून डेटाबेसकडे जाणाऱ्या वाटेवरही तेवढीच कडक मर्यादा हवी, आणि तिथे जागा नसेल तर विनंतीला स्पष्ट नकार. शून्य वेळेच्या फेचला हँडल मिळाला नाही की येणारा 'नॉटफाउंड' कोड कॅशमध्ये की न सापडल्यावरही तोच येतो. हे दोन प्रसंग तुमच्या कोडमध्ये एकाच वाटेने जाऊ देऊ नका. मोजण्या वेगळ्या ठेवा, नाहीतर पूल उपाशी असताना डॅशबोर्डवर फक्त हिट रेट घसरलेला दिसतो आणि तपास भलतीकडे जातो.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे. मेमकॅश्डची प्रोसेस मेली आणि मशीन जिवंत असेल तर कर्नल तिथल्या तिथे जोडणी नाकारतो आणि क्लायंटला मायक्रोसेकंदांत कळतं. मशीनच गेलं तर सिनचं (जोडणी मागणारं पहिलं) पॅकेट हवेत विरतं आणि क्लायंट पूर्ण कनेक्ट टाइमआउट भोगतो. लिबमेमकॅश्डमध्ये तो मुळात ४,००० मिलिसेकंद आहे. तुमच्या प्रत्येक थ्रेडला सेकंदाला साठेक विनंत्या, त्यातल्या एक षष्ठांश मेलेल्या सर्व्हरच्या, म्हणजे दहाएक. अर्ध्या सेकंदात जवळजवळ सगळे थ्रेड तिथे जाऊन अडकतात. चार सेकंदांनी सुटतात, सर्व्हर तात्पुरता बंद म्हणून नोंदला जातो, मुळातली २ सेकंदांची पुनर्प्रयत्नाची मुदत सरते आणि सगळे पुन्हा अडकतात. दर सहा सेकंदांतले चार वाया. एका सर्व्हरच्या मृत्यूने सगळी सेवा का अडते त्याचं उत्तर हेच.

यात पूलचा हात असा: सर्व्हर मेला ही माहिती प्रत्येक हँडलची स्वतःची असते. एका हँडलला कळलं म्हणून दुसऱ्याला कळत नाही. ४८ हँडल म्हणजे तोच धडा ४८ वेळा, दर वेळी चार सेकंद मोजून. हँडल १२ केले आणि कनेक्ट टाइमआउट १०० मिलिसेकंद केला की ४८ × ४ = १९२ थ्रेड-सेकंदांच्या जागी १२ × ०.१ = १.२ उरतात. एकाच डेटा सेंटरमध्ये १०० मिलिसेकंद भरपूर आहेत. मात्र सिन पॅकेट एकदा हरवलं तर लिनक्स ते साधारण एक सेकंदाने पुन्हा पाठवतो, त्यामुळे एका सेकंदापेक्षा कमी टाइमआउट म्हणजे एका हरवलेल्या पॅकेटवर हार मानणं. कॅशसाठी हा सौदा मान्य करण्याजोगा आहे, डेटाबेससाठी नसता.

वाचण्याची मुदत पोल (सॉकेटवर काही येण्याची वाट पाहणं) टाइमआउटने ठरते. ती २० ते ५० मिलिसेकंद ठेवा. ती एका पोलपुरती असते, पूर्ण विनंतीची नव्हे, म्हणून थेंबथेंब येणारं मोठं उत्तर त्याहून जास्त वेळ घेऊ शकतं. एककं नीट पाहा: कनेक्ट आणि पोल मिलिसेकंदांत, सेंड आणि रिसीव्हची सॉकेट मुदत मायक्रोसेकंदांत, पुनर्प्रयत्न आणि डेड टाइमआउट सेकंदांत. सगळीकडे मिलिसेकंद समजून १०० लिहिणारा मेलेला सर्व्हर १०० सेकंद बाहेर ठेवतो. सेटिंग मूळ हँडलवर पूल बनवण्याआधीच करा. नंतर बदलायचं असेल तर पूलच्या बिहेविअर सेटमधूनच. मोकळे हँडल तेव्हाच बदलतात आणि बाहेर असलेले परत येताना नव्याने क्लोन होतात. फेच केलेल्या एका हँडलवर परस्पर केलेला बदल, किंवा लावलेला की-प्रीफिक्स, पूलला कळत नाही आणि पुढच्या थ्रेडच्या गळ्यात पडतो.

मेलेला सर्व्हर यादीतून आपोआप काढणारी सेटिंग मोहात पाडते. पूलसोबत ती लावू नका. प्रत्येक हँडल स्वतंत्रपणे ठरवत असल्यामुळे काही हँडलच्या रिंगमध्ये सहा सर्व्हर आणि काहींच्या पाच, अशी अवस्था येते. मग एका थ्रेडने चौथ्या सर्व्हरवर डिलीट केलेली की दुसरा थ्रेड दुसऱ्या सर्व्हरवर लिहितो, आणि सर्व्हर परत आला की तिसऱ्याला जुनी व्हॅल्यू मिळते. किंमत किंवा शिल्लक दाखवणाऱ्या सेवेत हे परवडणारं नाही. रिंग स्थिर ठेवा, मेलेल्या सर्व्हरच्या की मिस धरा. राखीव जागा हवीच असेल तर फेसबुकने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातली गटरची पद्धत पाहा: एकूण सर्व्हरच्या सुमारे एक टक्का सर्व्हर वेगळे ठेवायचे आणि न बोलणाऱ्या सर्व्हरच्या की तिथे थोड्या मुदतीने लिहायच्या. त्यात बाकीच्या कींचं वाटप हलत नाही.

त्याहून पुढे जायचं तर प्रोसेसपुरती एक सामायिक आरोग्यपाटी ठेवा: दर सर्व्हरला एक अ‍ॅटॉमिक आकडा, 'या वेळेपर्यंत जाऊ नका' असा. कीवरून सर्व्हरचा क्रमांक मेमकॅश्ड_जनरेट_हॅश देतो. पाटीवर तो बंद असेल तर हँडल न घेताच मिस. कनेक्ट फसलेला पहिला थ्रेड पाटी लिहितो, मुदत संपल्यावर कंपेअर-अँड-स्वॅप (जुना आकडा तोच असेल तरच एका झटक्यात बदलणारी क्रिया) जिंकणारा एकच थ्रेड पुन्हा दार ठोठावतो. मग बारा हँडलचे बारा धडे उरत नाहीत.

सकाळच्या लटकणाऱ्या विनंत्यांचं मूळ पूलच्या रचनेत आहे. तो स्टॅकसारखा चालतो: शेवटी आलेला हँडल आधी जातो. वरचे दोनतीन हँडल दिवसभर राबतात, तळातले तासन्‌तास पडून राहतात. मध्ये फायरवॉल किंवा नॅट (पत्ते बदलून पॅकेट पुढे पाठवणारा टप्पा) असेल तर तो शांत जोडणीची नोंद विसरतो. एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेवर ही मुदत ३५० सेकंद आहे. सकाळी गर्दी चढली की तळातला हँडल वर येतो. लिहिणं यशस्वी होतं, कारण ते फक्त स्थानिक कर्नलच्या बफरपर्यंत जातं. उत्तर कधीच येत नाही, आणि पोल टाइमआउट भरेपर्यंत थ्रेड अडकतो. लिनक्सची टीसीपी कीपअलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का ते तपासणारी सोय) ७,२०० सेकंदांनी जागी होते, तोवर उशीर झालेला असतो. लिबमेमकॅश्डमध्ये कीपअलाइव्ह चालू करून तिची शांत राहण्याची मुदत १२० सेकंद करा. मेमकॅश्डवरही आयडल टाइमआउट लावता येतो. लावलात तर तो क्लायंटच्या मुदतीपेक्षा मोठा असू द्या, म्हणजे जोडणी बंद करण्याचा निर्णय आधी क्लायंट घेईल. कीपअलाइव्हचं पॅकेट मेमकॅश्डच्या हिशोबात काम म्हणून धरलं जात नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रत्येक विनंतीला जोडणी उघडून बंद करणं हा यावर उपाय नव्हे. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तात्पुरते पोर्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२, आणि बंद केलेली जोडणी ६० सेकंद टाइम-वेटमध्ये (तिचं पोर्ट अडवून ठेवणाऱ्या अवस्थेत) राहते. एका मशीनवरून एका सर्व्हरकडे सेकंदाला साधारण ४७० नवीन जोडण्या झाल्या की पोर्ट संपतात.

बिघडलेली जोडणी पूलमध्ये परत न जाणं हा नियम मी सगळ्यांत वर ठेवतो. टाइमआउट म्हणजे उत्तर आलेलं नाही एवढंच. ते अजून येऊ शकतं. सॉकेट तसाच राहिला तर पुढच्या थ्रेडला मागच्याचं उत्तर मिळण्याची शक्यता उरते. अर्धवट सोडलेलं मल्टिगेट हाही तोच प्रकार. लायब्ररी काही ठिकाणी उरलेली उत्तरं वाचून टाकते, पण सगळ्या वाटांवर ते होईल या भरवशावर राहू नका. यशस्वी, नॉटफाउंड, नॉटस्टोअर्ड आणि सीएएसच्या (मध्ये कुणी बदललं नसेल तरच लिहिण्याच्या) टकरीचा डेटा-एक्झिस्ट्स, हे चार कोड निरोगी धरा. दुसरं काहीही आलं की मेमकॅश्ड_क्विट बोलवून त्या हँडलचे सॉकेट बंद करा आणि मगच रिलीज करा. तयार पूलमध्ये 'फेकून द्या' असं फंक्शन नाही, क्विट हीच त्याची जागा. पुढची विनंती सॉकेट नव्याने उघडेल. सर्व्हर तात्पुरता बंद असल्याचा कोड मात्र यातून वगळा. त्यात काही पाठवलंच गेलेलं नसतं, आणि तिथेही क्विट केलंत तर एका मेलेल्या सर्व्हरपायी बाकी पाचांच्या चांगल्या जोडण्या दर वेळी तुटतील.

रिलीज एकदाच झालं पाहिजे. दोनदा झालं तर तोच हँडल स्टॅकमध्ये दोन जागी बसतो आणि दोन थ्रेडना मिळतो. पूल भरलेला असेल तर अ‍ॅरेच्या बाहेर लिहिलं जातं. सी मध्ये हे टाळायला फंक्शनला बाहेर पडायची एकच वाट ठेवा, किंवा जीसीसी आणि क्लँगचं क्लीनअप अ‍ॅट्रिब्यूट वापरा. फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढणं) करणार असाल तर पूल फोर्कनंतर प्रत्येक प्रोसेसमध्ये बनवा. आधी उघडलेला सॉकेट दोन प्रोसेसमध्ये वाटला गेला की उत्तरं कुणाची कुणाला जातात. बंद करताना आधी सगळे थ्रेड जॉइन करा (संपेपर्यंत थांबा), मग पूल मोडा. बाहेर असलेले हँडल पूल मोडताना मोकळे होत नाहीत, आणि नंतर आलेलं रिलीज मोकळ्या केलेल्या मेमरीत लिहितं. पूल मोडल्यावर तुमचा मूळ हँडल परत मिळतो, तो तुम्हीच फ्री करायचा.

सेमाफोर, क्विटचा नियम, शेवटच्या वापराची वेळ, मोजण्या, एवढं सगळं तयार पूलभोवती गुंडाळायची वेळ आली असेल तर स्वतःचा पूल लिहिणं जास्त स्वच्छ होतं. दोनेकशे ओळींचं काम आहे. स्लॉटच्या स्ट्रक्चरमध्ये हँडल, शेवटच्या वापराची मोनोटॉनिक वेळ, 'बाहेर आहे' हा झेंडा आणि सेटिंगची पिढी (हँडल कितव्या बदलानंतरचा आहे तो आकडा). झेंडा असल्यामुळे दुहेरी रिलीज जागीच पकडता येतं. कंडिशन व्हेरिएबलला घड्याळ मोनोटॉनिक द्या, मुदत फेरीच्या बाहेर एकदाच काढा, परत देताना ब्रॉडकास्टऐवजी एकालाच सिग्नल करा. क्लोन, क्विट आणि फ्री ही कामं कधीही लॉक धरून करू नका: स्लॉट 'बाहेर' म्हणून राखून ठेवा, लॉक सोडा, काम करा, पुन्हा लॉक घेऊन नोंद पुरी करा. एकाच वेळी अनेक थ्रेडनी एकाच मूळ प्रतीवरून क्लोन काढू नये म्हणून त्याला वेगळा छोटा म्युटेक्स. हँडल देताना तो १२० सेकंदांहून जास्त पडून असेल तर आधी क्विट. इथे स्टॅकची रीत राहू द्या. गरम जोडण्या वर राहतात आणि शांत काळात तळातल्या आपोआप जुन्या ठरतात.

थ्रेडची संख्या ठरलेली आणि लहान असेल, म्हणजे आठ-दहा, तर पूल काढूनच टाका. दर थ्रेडला एक क्लोन, फक्त त्याच थ्रेडला दिसणाऱ्या खासगी जागेत ठेवलेला, आणि थ्रेड संपताना डिस्ट्रक्टरने फ्री होणारा. लॉक नाही, वाट नाही. उलट टोकाला, प्रोसेस शेकड्यांनी असतील आणि गुणाकार कुठल्याच मर्यादेत बसत नसेल, तर दर मशीनवर एमसीराउटर किंवा ट्वेमप्रॉक्सी यांपैकी एक मध्यस्थ प्रॉक्सी बसवून तिथूनच सर्व्हरकडच्या जोडण्या एकत्र करा. तुमच्या २४ प्रोसेसना त्याची गरज नाही.

बदल केल्यावर पाहायचे आकडे: क्लायंटकडे एका वेळी बाहेर असलेल्या हँडलची दर मिनिटाची कमाल, सेमाफोरवर थांबावं लागलेल्यांची संख्या, मुदत संपलेल्यांची संख्या आणि क्विटची संख्या. सर्व्हरकडे चालू जोडण्या, आणि त्याहून महत्त्वाचं, एकूण जोडण्यांचा वाढता आकडा. स्थिर भारात तो जवळजवळ हलू नये. हलत असेल तर कुठेतरी जोडण्या सतत तुटून नव्याने उघडत आहेत.

चाचणी तीन प्रकारांनी करा, कारण तिन्ही वाटा वेगळ्या आहेत. मेमकॅश्ड किल केला की जोडणी लगेच नाकारली जाते. या चाचणीत सगळं छान दिसतं आणि लोक इथेच थांबतात. आयपीटेबल्सने ११२११ पोर्टवरची पॅकेट गिळायला लावली की मशीन गेल्याचा प्रसंग उभा राहतो आणि कनेक्ट टाइमआउट तपासला जातो. तिसरी, मेमकॅश्डला स्टॉप सिग्नल पाठवा: कर्नल जोडणी स्वीकारतो, विनंती घेतो, उत्तर मात्र येत नाही. इथे पोल टाइमआउट तपासला जातो. दहा सेकंदांनी कंटिन्यू सिग्नल द्या, म्हणजे उशिराची उत्तरं एकदम सुटतील. या चाचणीपुरती प्रत्येक व्हॅल्यूच्या सुरुवातीला तिची की लिहून ठेवा आणि वाचताना जुळवा. एकही जोडी विजोड निघाली, तर क्विट न करता रिलीज होणारी एखादी वाट अजून कोडमध्ये शिल्लक आहे.